पितृपक्षात बंद केलेलं खातं

डोंबिवली पूर्व,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप पंढरीभाऊ यांना शिवरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं इकडे खुशाल असून पोळ्या लाटतो आहोत. तुमची शुगर कशी आहे? निशाताईंचा गुडघा काय म्हणतो? ठाण्याची हवा मानवतेय ना? (मानवायलाच हवी, तेवढ्या किमतीत फ्लॅट घेतल्यावर.) तुम्ही थोरले साडू, त्यात बँकेत ऑफिसर, म्हणून फोनवरही मी तुमच्याशी उभा राहून बोलतो. पण सप्टेंबरअखेर झाल्यापासून तुम्ही फोन उचलेनासे झालात. तुमचं टार्गेट आमच्या एका खात्यापायी हुकलं असं कळलं. ऐकून वाईट वाटलं, पण फार नाही. का, ते सविस्तर लिहितो.

तुम्ही गौरीजेवणाला आलेलात. तिसऱ्या पुरणपोळीवर तूप सोडताना तुम्ही म्हणालात की आमच्या पोळीभाजी केंद्राचं करंट खातं त्या कोपऱ्यावरच्या सहकारी बँकेत कुजवण्यापेक्षा तुमच्या बँकेत आणावं, केसालाही धक्का न लागता इकडचं तिकडे होईल. आता ती सहकारी बँक म्हणजे पंखा फिरला की कागद उडणारी, मान्य. पण तिथला मॅनेजर माझ्या वडिलांना ओळखायचा आणि मला कधी एक कागद मागितला नाही. तरी तुमच्या शब्दाला मान दिला. आणि तुम्ही माणूस कधी पाठवलात? नेमका पितृपक्ष लागल्यावर. चित्राने त्याला चहा पाजला आणि या पंधरवड्यात नवीन काही उघडायचं नाही म्हणून वाटेला लावला. (यावर तुम्ही चिडायचं कारण नव्हतं. गेल्या वर्षी तुमचा स्वतःचा फ्रिज सर्वपित्री होईपर्यंत दुकानदाराकडे पडून होता.)

इथे माझी अक्कल पुढे आली. पितृपक्षात सुरू काही करायचं नाही, ठीक. पण बंद करायला कोणाची ना आहे? उलट बंद करायला याहून योग्य दिवस कुठले? चित्रा चक्क बरोबर आहे म्हणाली, हे लग्नानंतर पहिल्यांदाच झालं, त्यामुळे मी हुरळलो आणि तडक बँकेत गेलो. पासबुक भरायला अर्धा दिवस घेणाऱ्या त्या बँकेने खातं बंद करायचं काम चहा यायच्या आत उरकलं. काउंटरवरच्या नंदाताईंनी तर हसून निरोप दिला. घरी येऊन काचेवरचा जुना स्कॅनर मी सुरीने खरवडून काढला आणि पैसे आले की ओरडणारा डबाही परत केला. घटस्थापनेला नवीन खातं उघडायचं, तोवर काय, हा प्रश्न मला पडला नाही. तुम्हालाही पडला नाही, आणि तुमचा तर तो धंदा आहे.

भाऊ, पितृपक्ष म्हणजे आमचा सीझन. अर्ध्या डोंबिवलीचे वाडवडील हल्ली आमच्या गॅसवर जेवतात. नवरा-बायको दोघं कामाला, वडे-खीर-कढी करणार कोण? आणि नोट कोणाच्या खिशात नसते. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ वड्यांची पिशवी हातात धरून काच न्याहाळत उभे. मी म्हटलं न्या हो, मागाहून द्या. तर ते पिशवी ठेवून मागे सरकले, वडिलांचं पान उधारीवर कसं वाढू म्हणाले. मागे रांग लागलेली, तिकडे गच्चीवर कावळे ताटकळलेले. शेवटी चित्राने पिठाच्या हातानेच स्वतःचा मोबाइल पुढे केला आणि तिच्या सेव्हिंग खात्यावर पैसे घेतले. तात्पुरते. हा शब्द माझाच.

तेव्हापासून टिंग वाजतं ते तिच्या फोनवर, तव्याशेजारी. गल्ल्याची किल्ली इतकी वर्षं माझ्या करदोट्याला आहे, ती आता फक्त टोचते. संध्याकाळी टपरीवर चार मित्रांना चहा पाजायचो, तो मी मार्केटिंगमध्ये धरायचो. चित्राने विचारलं, या मार्केटिंगने कोण नवीन गिऱ्हाईक आलं? मी आठवून सांगतो म्हणालो. अजून आठवतोय. जीव जळतो हो भाऊ. स्वतःच्या दुकानात पान खायला बायकोकडे पैसे मागायचे म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

असो. घटस्थापनेला तुमच्या बँकेत खातं उघडलं. सेवा उत्तम, एसी गार. आपल्या मार्गदर्शनाबद्दल जन्माचा ऋणी आहे. निशाताईंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
शिवराम

ता. क. खातं उघडलं, पण चित्राच्या नावावर. तुमच्या अंतरा मॅडमनी दुकानाचा गुमास्ता परवाना मागितला. तो मीच मागे बायकांसाठीच्या कर्जाला व्याज कमी होतं म्हणून हिच्या नावावर काढलेला. जुन्या बँकेने कधी बघितला नाही, तुमच्या बँकेने बघितला. आता सहीला माझं नाव जोडायचं तर मालकिणीचं पत्र लागतं आणि मालकीणबाई विचार करून सांगते म्हणतात. तेव्हा मुद्द्याचं एवढंच: निशाताईंकडून तिला दोन शब्द सांगवा. थोरल्या बहिणीचं ती ऐकते.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात चित्राचा तासभर चाललेला फोन संपला. पलीकडे निशाताईच होत्या. स्टॅम्प ड्युटी वाचावी म्हणून ठाण्याचा फ्लॅट तुम्ही ताईंच्या एकटीच्या नावावर घेतलाय, हे ताई विसरल्या होत्या. आता त्यांच्या लक्षात आलंय. माझ्या कामाची घाई नाही, आधी तुमचं बघा. कोजागिरीला दोघी बहिणी आमच्या गच्चीवर बसणार आहेत. तुम्हीही या, दूध आटवायला मी एकटाच आहे.