आ कर, पाहू दे

माय, तुझ्या तोंडाची गोष्ट मी हल्ली परक्या माणसांना सांगते. दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगते, एखाद्या गावच्या समाजमंदिरात सांगते, कधी एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही सांगते. गेल्या महिन्यात चंद्रपूरला बैठक होती, तिथे तर माईक हातात घेऊन सांगितली. आसपासच्या जिल्ह्यांतल्या नर्सा आणि डॉक्टर आले होते. एका डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर नकाशे दाखवले आणि समजावलं, की साठी ओलांडलेल्या माणसांना कॅन्सर शहरातही होतो आणि खेड्यातही होतो, पण खेड्यातला म्हातारा त्याने लवकर जातो. रोग तोच, वय तेच. शहरातल्या आजोबांच्या जिभेवरचा फोड कोणीतरी वेळेत पाहतं. आमच्याकडचा म्हातारा येतो तेव्हा त्याला पाणीही गिळता येत नसतं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, तुमच्या तालुक्यातून म्हातारी माणसं अलीकडे लवकर यायला लागली आहेत, ते कसं जमलं ते सांगा. मी उभी राहिले आणि तुझ्यापासून सुरुवात केली. लोकांसमोर मी ती गोष्ट आवरती घेते, चहाची वेळ झालेली असते. इथे, या पत्रात, आवरायचं कारण नाही.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. मी नर्स होऊन नुकतीच नोकरीला लागले होते आणि रविवारची घरी आले होते. सकाळी तू अंगणात पाटावर बसून मासोळ्या साफ करत होतीस. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तलावात जाळं मामा टाकायचा आणि मूल गावच्या बाजारात विकायला तू बसायचीस. जेवताना तू रश्शात पाणी घालून घेतलंस, तेव्हा मी विचारलं की असं बेचव काऊन खातेस. तिखट सोसत नाही, गाल जळते, एवढंच म्हणालीस. मग हात धुतेस, उजेडात येतेस, माझ्यासमोर उकिडवी बसतेस आणि तोंड उघडतेस. पुरतं उघडतही नाही. डाव्या गालाच्या आत जखम आहे. मी बोट लावते, कडा टणक लागते. मी काही बोलायच्या आधी तू माझा चेहरा वाचलेला असतो.

"कॅन्सर होय का?" तूच विचारलंस. आपल्या गावात तेव्हा लोक 'तो रोग' म्हणायचे, नाव घेत नसत. मी म्हणाले, मले तसंच वाटून राह्यलं माय, नागपूरले जावं लागते. तू कंबरेची पिशवी सोडलीस, त्यातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी काढलीस आणि चुलीत टाकलीस. लग्नाच्या आधीपासूनचा तुझा खर्रा होता. बाजारात बसायचं, गिऱ्हाईक नसलं की चघळायचं. त्यानंतर तू तो मागितलाच नाहीस असं मी म्हणणार नाही. पण खाल्ला नाहीस.

संध्याकाळी मामा आला, शेजारचे दोघंतिघं आले, पुढच्या सपरीत, पडवीत बसले. मामा तुझा पाठचा भाऊ, तू त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं, तो तुला बाईच म्हणायचा. त्याचे डोळे लाल झाले होते. तो मला म्हणाला, बाईचं आता वय झालं, कशाले चिरफाड करता, जितके दिवस हायेत तितके घरी सुखानं राहू द्या. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचं दुखणं असंच मायेने घरात ठेवून घेतात, अजूनही ठेवतात, आणि माझं निम्मं काम त्या मायेशी भांडण्याचंच आहे. मी नवी नर्स, तरणी पोर, त्या जुन्या माणसांपुढे माझं कोण ऐकणार. तू आत चहा करत होतीस. तशीच गाळणी हातात घेऊन बाहेर आलीस.

"सुखानं कशी राहीन? जेवता येत नाई मले," तू म्हणालीस. "मले अजून जेवाचं हाय."

 मामा चहाला न थांबता उठून गेला. सकाळी स्टँडवर मात्र तोच आपली पिशवी घेऊन उभा होता, आणि नागपूरपर्यंत तुझ्या शेजारी बसून आला.

नागपूरच्या दवाखान्यातले डॉक्टर भले होते, पण घाईत होते. मी नर्स आहे हे कळल्यावर ते सगळं मलाच सांगू लागले. जबड्याचा किती भाग काढावा लागेल, छातीची कातडी घेऊन गाल कसा भरतील, पुढे लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागेल. तू स्टुलावर बसून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होतीस. मग तू टेबलावर हात ठेवलास.

"साहेब, मले सांगा. तोंड माहं हाय."

ते थांबले. खुर्ची तुझ्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, हिंदी-मराठी मिसळून, स्वतःच्या गालावर बोट फिरवत. तू मध्ये मध्ये विचारत होतीस. भात खाता येईल का, मासोळीचा काटा कळेल का, बाजारात बोलता येईल का. काट्याचं मात्र जपून, असं ते म्हणाले. पुढच्या प्रत्येक खेपेला ते आधी तुझ्याशीच बोलले. आज एखादा म्हातारा पेशंट मुलाच्या मागे उभा राहतो, तेव्हा मी मुलाला बाजूला बसवते आणि स्टूल म्हाताऱ्याकडे ओढते. हे मला नर्सिंगच्या शाळेत कोणी शिकवलं नाही.

लोकांना सांगताना मी म्हणते की माझी आई घाबरली नाही. ते खोटं आहे. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वॉर्डात तू माझा अंगठा धरलास, लहान मूल धरतं तसा. "मले भेव लागून राह्यलं," म्हणालीस, अगदी साध्या आवाजात. मी विचारलं, घरी जायचं का. तू मान हलवलीस, नाही म्हणून, आणि अंगठा सोडला नाहीस. मला वाटतं, न भिणाऱ्या बाईपेक्षा ही बाई मला जास्त आपली वाटते. पण माईकवर हे सांगता येत नाही.

तू गावी परतलीस तेव्हा धान कापणीला आलं होतं. डावा गाल आत ओढलेला, मानेपर्यंत टाक्यांची रेघ, ओठाचा कोपरा खाली. 'प' आणि 'ब' तोंडातून फुटत नसत. शेजारणी म्हणाल्या, पदर घे वं बाई तोंडावर, लेकरं भेतात. काही दिवस घेतलास. पण पदर तोंडात धरून मासोळी कापता येत नाही आणि भावही सांगता येत नाही. एका बाजारी तू पदर खोचलास तो खोचलासच. त्या पहिल्या बाजारी मी रजा घेऊन तुझ्याजवळ बसले होते. ओळखीची गिऱ्हाइकं पाहून पुढच्या बाईकडे जात होती. मरळ तशीच घमेल्यात पडून होती. मला रडू येत होतं आणि तुझा चेहरा दगडासारखा. मग नेहमीची एक बाई, शाळामास्तरांची बायको, तुझ्यासमोर येऊन थबकली आणि काय झालं म्हणून विचारलं. तू तिला सगळं सांगितलंस. ओठ बोटाने बाजूला करून आतलं दाखवलंस. ती खाली बसली. मग तू तिच्या लालसर ओठांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तू बी खातेस नं खर्रा? आ कर, पाहू दे."

तिने भर बाजारात, इतर गिऱ्हाइकांच्या देखत, आ केला.

इथून पुढचं सांगताना लोक हसतात, आणि मीही हसू देते. तू मासोळी तोलायचीस आणि गिऱ्हाइकाचं तोंड पाहायचीस. विशेषतः म्हाताऱ्यांना सोडत नव्हतीस. ज्यांच्या घरी कोणी विचारत नाही ते म्हातारे बाजारात एकटेच फिरत असतात, हे तुला बरोबर माहीत होतं. काही चिडायचे. एकाने तर मासोळी परत टाकली. तुला त्यातलं फार कळायचं असं नाही. चुन्याने भाजलेली जीभ, किडलेली दाढ, साधा तोंड आल्याचा फोड, सगळ्यांना तू भीती घालून माझ्याकडे धाडायचीस. माझ्या दवाखान्यात दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तुझी माणसं हजर. आमचे डॉक्टर मला म्हणायचे, सिस्टर, तुमच्या आईंनी आजही पेशंट पाठवले का? त्यातली बहुतेक औषध लावून घरी जायची. पण मधूनच एखाद्याच्या गालात पांढरा चट्टा निघायचा, एखादीच्या जिभेखाली गाठ निघायची, आणि ती वेळेत निघालेली असायची. डॉक्टरांनी नंतर थट्टा करणं सोडलं आणि तुझ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तोंडं तपासायला ते आपणहून खुर्ची उजेडात मांडून बसायला लागले.

एके दिवशी तू मामाला धरून आणलंस. खरंच धरून, शर्टाच्या बाहीला. तो साठीला टेकला होता आणि म्हणत होता, काही नाही, दाढ टोचते. तू त्याला माझ्यासमोर बसवलंस आणि उभी राहिलीस. गालात लहानसा व्रण होता. नागपूरला तो निघाला तेव्हा त्याच्या शेजारी तू बसलीस. त्याचा जबडा काढावा लागला नाही, थोडक्यात भागलं. मामा अजून आहे माय. कानाने ऐकू येत नाही, पण भाकरी चावून खातो. तुझं नाव निघालं की म्हणतो, बाईनं वासरासारखं ओढत नेलं मले.

तू मात्र गेलीस. पुष्कळ वर्षांनी तो रोग परत आला, या वेळी छातीत. तू सत्तरी ओलांडली होतीस. त्याच डॉक्टरांनी, त्यांचेही केस पिकले होते, खुर्ची तुझ्याकडे वळवून सांगितलं की औषध देता येईल, पण फार उपयोग होईलसं वाटत नाही. तू ऐकून घेतलंस. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "आता घरी नेय मले." पहिल्या वेळी जायचं तू ठरवलंस, दुसऱ्या वेळी थांबायचंही तूच ठरवलंस. घरी, सपरीत खाट टाकून, तलावाकडे तोंड करून झोपायचीस. भेटायला येणाऱ्यांचे घोळके असायचे. त्यांतल्या कितीतरी जणांनी कधीतरी तुझ्यासमोर आ केलेला होता.

या उन्हाळ्यात आमच्याकडे जंगलातल्या गावचा एक गोंड म्हातारा आला. मोहफुलं वेचायला गेला तेव्हा सोबतच्यांनी पाहिलं की तो पाणी पिताना डोळे मिटतो. सून घेऊन आली होती. मुलगा यायला तयार नव्हता, बापाचं वय झालं म्हणत होता. जिभेच्या कडेला व्रण होता, अजून लहान. मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या गोंडीत आणि सुनेच्या मदतीने तुझी गोष्ट सांगितली. सगळी, पदर खोचण्यापर्यंत. तो ऐकत राहिला, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, झालं, उठून जाणार. मग त्याने एकच विचारलं.

"ते म्हातारी मंग काय काय खाये?"

मी सांगितलं. आधी पेज, मग मऊ भात, मग मासोळीचा रस्सा, काटे काढून. आणि आंब्याच्या दिवसांत आमरस, इतका की पोट बिघडायचं. तो थोडा हसला. सुनेला काहीतरी म्हणाला. सून म्हणाली, नागपूरले जातो म्हणते. नागपूरला त्याचं ऑपरेशन झालं, जिभेची कड काढली. परवा सुनेचा फोन आला होता, सासरा शेताच्या बांधीवर बसून पोरांना ओरडतो म्हणाली, पण शब्द नीट कळत नाहीत म्हणून पोरं हसतात. मी फोन ठेवला आणि ड्यूटीच्या खोलीत एकटीच हसत बसले. त्या बैठकीतल्या डॉक्टरीणबाईंनाही कळवलं.

हे पत्र मी कोणाला वाचून दाखवणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि मी वाचायला बसले असते तर तू मध्येच, त्या अमक्याच्या सासूचं तोंड पाहिलंस का, म्हणून विचारलं असतंस. एक तेवढं सांगायचं राहिलं. घरात तुझा जो फोटो लावलाय तो ऑपरेशनच्या आधीचा आहे. दोन्ही गाल भरलेले, ओठ सरळ. येणारे जाणारे म्हणतात, किती देखणी होती तुमची आई. मी हो म्हणते. पण माय, मला ती बाई आठवतच नाही. कितीही वेळ पाहिलं तरी ती कोणीतरी पाहुणी वाटते.