सकाळी साडेसहा, शून्य सेकंद

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून शाळेची हजेरी आठवते आहे. आठवीचा वर्ग, सिस्टरांच्या हातात लांब वही. एक नाव घ्यायच्या, मान वर करायच्या, उत्तर येईपर्यंत थांबायच्या, मगच पुढचं नाव. मी सोलापूरच्या भवानी पेठेतून चालत येणारी, आठवड्यातून दोनदा तरी उशीर. माझं नाव आलं की शेजारी बसणारी शैला डेस्कखाली वाकून माझ्या आवाजात म्हणायची, ‘प्रेझेंट, सिस्टर.’ स्वतःचं नाव आलं की सरळ बसून, स्वतःच्या आवाजात. एकदाही पकडली गेली नाही.

आठवायचं कारण लावण्या. माझी जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात नोकरीला. माझं अ‍ॅड-ऑन तिनं आज उघडून तपासलं. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर मी केलेलं हे एकच काम. ब्राउझरमध्ये बसतं, आपण वाचतो त्या ब्लॉगांच्या दारात जातं, फीड, म्हणजे नोंदींची यादी, बघतं आणि ‘नवीन काही?’ विचारून परत येतं. वापरणारे थोडे, पण तक्रार सगळ्यांची एकच: सकाळी ब्राउझर चार-चार मिनिटं अडकून बसतो.

ला. हसली. ‘मॅडम, तुम्ही एकेकाला हाक मारताय, आणि त्यानं ओ देईपर्यंत बाकीच्यांना उभं ठेवताय की!’

सिस्टरांची हजेरीच लिहून ठेवली होती मी. पाच वर्षं कळलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

आता एका वेळी आठ दारं. शिवाय मागच्या भेटीची खूण सोबत नेते. काही बदललं नसेल तर समोरून नुसतं ‘बदल नाही’ एवढंच येतं, सगळा मजकूर ओढून आणावा लागत नाही. चार मिनिटांवरून वीस सेकंदांवर आले. चहा गाळून होईपर्यंत सगळं हजर. ला.ला कळवलं. तिचा अंगठा.

यादीत पहिली शै., तीच डेस्कखालची शैला. तिचे यजमान गेल्यापासून अक्कलकोटला एकटी असते. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून ब्लॉग मीच काढून दिला. रोज सकाळी एक ओळ लिहायची, मी वाचायची. ओळ आली म्हणजे बाई उठली. तिच्या चार जुन्या विद्यार्थिनीही वाचतात, पण करार आम्हा दोघींचा.

आजची ओळ: ‘ज्वारी निवडली. मन प्रसन्न.’

मन प्रसन्न? शै.? हल्ली ओळी फार नीटनेटक्या झाल्यात. कुणाला शिव्या नाहीत, दूधवाल्यालासुद्धा.

१३ सप्टेंबर, शनिवार

पुढची सुधारणा. सगळ्यांना दर अर्ध्या तासाला का छळायचं? ज्याची जी सवय, त्या वेळेला जायचं. रविवारी लिहिणाऱ्याकडं रविवारी. प्रत्येक नोंदीची वेळ सेकंदासकट फीडमध्ये येतेच, आणि अ‍ॅड-ऑन ती साठवून ठेवतं. तक्ता काढला.

शै.: ६.४२. ७.१५. ६.५८. एकदा ७.५०, त्या दिवशी गॅस संपला होता. अगदी तिच्यासारखं.

मग २६ ऑगस्टपासून: ६.३०. ६.३०. ६.३०.

शून्य सेकंद. रोज.

चष्मा पुसला. माझाच घोळ असणार. दुपारभर शोधलं. बाकी कुणाच्याच वेळा अशा नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

ला.ला तक्ता पाठवला. लगेच फोन.

‘मॅडम, तुमचा बग नाही. आधी लिहून वेळ लावून ठेवलेत. आपोआप जातात.’

‘कधी लिहिले असतील?’

‘ते बाहेरून नाही कळत.’ मग हळू आवाजात, ‘कोण आहेत या, मॅडम?’

शेजारची, म्हटलं. बेंचवरची.

श्रावणात आली होती तेव्हा माझ्या जिन्यात दोनदा थांबली होती. ‘तुझा जिना वाढलाय गं,’ म्हणाली. दोघी हसलो. मी हसले.

१५ सप्टेंबर, सोमवार

कालपासून पाऊस. अक्कलकोटहून येणाऱ्या गाड्याही उशिरा येताहेत म्हणे. ६.३० ला ओळ: ‘कडक ऊन. गोधडी वाळत घातली.’

तिचा फोन बंद. मेसेजला एकच टिक.

दहा वाजता महादेवी अक्कांना लावला. शै.च्या भिंतीला भिंत लागून राहतात, दोघींचं अर्धं बोलणं कानडीत चालतं. त्या म्हणाल्या, ‘बाई न्हाईत की हितं. तीन हप्ते झाले, कुलूप हाय. तुळशीला पानी मी घालते.’

‘कुठं गेली?’

‘आता! सोलापूरला मैत्रिणीकडं जाते म्हनल्या. तुमीच न्हवं त्या?’

मी हो म्हणाले.

‘मग द्या की फोन त्यास्नी. लई दिवस झालं बोलून.’

झोपलीय, म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तोंडातून तेच गेलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ब्लॉगचा पासवर्ड मला माहीत आहे. आम्हा दोघींचे हजेरी क्रमांक, एकापुढे एक. दुसऱ्याची वही उघडू नये हे शाळेत इतकं घोटवून घेतलेलं की पाच वर्षांत एकदाही आत गेले नाही. आज दुपारी गेले.

सगळ्या ओळी २५ ऑगस्टच्या एकाच बैठकीत लिहिलेल्या. पुढच्या रांगेत उभ्या आहेत. उद्याची, परवाची. घटस्थापनेची: ‘घट बसवले. यंदा झेंडू बारीक.’ घट बसायला अजून सहा दिवस आहेत.

४ ऑक्टोबरची मात्र ओळ नाही. पानभर मजकूर. शीर्षक ‘वाटप’.

उघडलं नाही. लॅपटॉप मिटून त्यावर चादर टाकली. पिंजऱ्यावर टाकतात तशी.

१७ सप्टेंबर, बुधवार

उघडलं. वरचा भाग एवढाच:

‘हे बाहेर पडलं म्हणजे मला परत येऊन ते काढून टाकता आलं नाही. मिरजेला हृदयाची झडप बदलायला जाते आहे. तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस, आणि तुझा चेहरा बघून मी उठून घरी आले असते. चाळीस दिवसांच्या ओळी लिहिल्यात. शाळेत मी तुझी हजेरी लावायचे, आता माझी मीच लावते. दवाखान्याचा नंबर खाली आहे.’

रागानं कान तापले. मग राग गेला, आणि तो गेल्यावर जे उरलं त्यापेक्षा रागच बरा होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मिरजेला फोन. तीनदा कुणीतरी ‘थांबा हं’ म्हणून गेलं. शेवटी एक सिस्टर, या आपल्या दवाखान्यातल्या. ‘ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालंय. शुद्धीवर होत्या, चहाला नावंसुद्धा ठेवली. मंगळवारी पुन्हा आयसीयूत घेतलंय, तेव्हापासून शुद्ध नाही. आपण कोण?’

‘शेजारी बसायचे.’

‘नातं लिहायचंय, ताई.’

‘बहीण लिहा.’

‘त्यांनी तर “कुणी नाही” असं लिहिलंय.’ कागद चाळल्याचा आवाज. ‘या लवकर. भेटायची वेळ अकरा ते बारा.’

या लवकर. या शब्दांवर उगाच जोर नव्हता ना? दिवसभर तेच ऐकू येतं आहे.

६.३० ला ओळ आली होती. ‘भाकरी कडक झाली, छान.’ मंगळवारपासून ती शुद्धीवर नाही आणि बुधवारी, गुरुवारी तिची भाकरी छान होते आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नवी आवृत्ती पाठवली. काम अर्धवट टाकून निघवत नाही, जुनी खोड. संध्याकाळपर्यंत दोन निरोप. एकानं लिहिलं, ‘आता पत्ताही लागत नाही की हे तपासतंय.’ वाचलं आणि मिटून टाकलं. त्याला बिचाऱ्याला आनंदच झालाय.

माझ्या यंत्रावर मात्र एक अपवाद. शै.ची सवय शिकायची नाही. साडेसहाची ओळ मोजायची नाही. इतर कोणत्याही मिनिटाला, सेकंदाचा आकडा वाकडा असलेली एक ओळ आली तर घंटा वाजवायची. त्यासाठी तिच्या दारात दर मिनिटाला जायचं, नाव घ्यायचं, थांबायचं. जुन्या पद्धतीनं.

ला. म्हणाली, ‘सर्व्हरला त्रास होईल, मॅडम.’

होऊ दे.

२० सप्टेंबर, शनिवार

पावसानं दोन दिवस बंद असलेली एस.टी. सुरू झाली; उद्या सकाळच्या गाडीनं मिरज. पिशवीत शेंगाची चटणी घेतली. तिला खाता येणार नाही, तरी. ला. उद्यापासून माझ्या वतीनं अ‍ॅड-ऑनवर नजर ठेवेल. अक्कांना खरं सांगितलं. त्यांनी दवाखान्याचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग, ‘तरीच म्हनलं, बाई एवडी झोपती कशी.’

घंटा वाजलेली नाही.

रांग ४ तारखेला संपते. पुढच्या ओळी मला लिहिता येतील. तिची भाषा मला येते, दूधवाल्यासकट. विद्यार्थिनींना कळणारही नाही. दुपारी एक लिहिलीसुद्धा. मग ‘वाटप’चा शेवट पुन्हा वाचला आणि पुसली.

तो शेवट इथं उतरवून ठेवते. वही सोबत नेणार आहे. ती डोळे उघडून म्हणाली की अमुक बदल, तर तिच्यासमोर खोडता यावं.

‘तुळस आणि पितळी घंगाळ महादेवी अक्कांना. कानडी पुस्तकं त्यांच्या नातीला, मराठी पुस्तकं शाळेला. पहिल्या पानावरची माझी सही फाडू नये. शिवणयंत्र कोपऱ्यावरच्या शबानाला, तिच्याकडचं फार आवाज करतं. यजमानांचं घड्याळ कुणालाही चालेल, ते तसंही मागं पडतं. निळी गोधडी तुला. तुझ्या जुन्या पातळाचा एक तुकडा तिच्यात आहे, कुठला ते शोध.

आणि माझं नाव आलं की तू ओ देऊ नकोस. सिस्टरांना मान वर करून बघू दे.’