साठावं नाव

बुडा, ५ नोव्हेंबर १९९२

प्रिय ओती,

शनिवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, कारखान्याचा इतिहास दोन पानांत लिहून पाठव. सोळा तारखेला आमच्या साहेबांना सगळ्यांसमोर दोन शब्द बोलायचेत. आणि हे बघ, नुसता इतिहास हवाय, आठवणींचं गाठोडं सोडून बसू नकोस." तेव्हापासून रोज दुपारी मी टेबलाशी बसते आहे. ती दोन पानं परवाच लिहून झाली. या पाकिटात वेगळी घातली आहेत, ती साहेबांना दे. हे पत्र मात्र कुणाला दाखवू नकोस. याचे तीन कागद मी फाडले, हा चौथा.

त्या दोन पानांत सगळं ठीकठाक आहे. स्वित्झर्लंडहून आलेला ओतारी, त्याची बुडातली भट्टी, कडेला पोलादासारखी कठीण आणि आत चिवट अशी त्याची आगगाडीची चाकं. ती चाकं इतकी खपली, की त्याच्या हयातीतच त्याचं नाव सगळ्या रेल्वेवाल्यांच्या तोंडी झालं. त्याच्यामागे विजेचं खातं निघालं, आणि तिथल्या तीन इंजिनिअरांनी पहिला कामाचा ट्रान्सफॉर्मर बांधला. मग विजेची इंजिनं, ट्राम, मोटारगाड्या, नदीपलीकडचे मोठाले कारखाने. मग युद्ध. जर्मन जाताना यंत्रं उपसून घेऊन गेले, रशियन आले त्यांनी उरलेली मोजली. मग सगळं सरकारी झालं. आणि आता पाच वर्षांपूर्वी त्याचे तुकडे पाडले, तेव्हा प्रत्येक दारावर वेगळी पाटी लागली. त्यातला एक तुकडा तुमच्या व्हिएन्नाच्या साहेबांनी घेतला, तो नेमका आमचा, ट्रान्सफॉर्मरची वेटोळी गुंडाळायचा, वाइंडिंगचा. साहेबांना सांग, टाळ्या ट्रान्सफॉर्मरच्या वाक्यावर पडतील. आमच्याकडे नेहमी तिथेच पडतात.

मी थकले आहे ओती. आजारी नाही, काळजी करू नकोस. गुडघे दुखतात, दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्ये एकदा थांबते, एवढंच. पण एक गोष्ट पस्तीस वर्षं उचलून धरली आहे आणि आता हात भरून आले आहेत.

मी वीस वर्षांची असताना वाइंडिंगला लागले, हे तुला माहीत आहे. मला काम शिकवलं ते एतेल्काने. आम्ही दोघी शेजारीशेजारी उभ्या राहून तांब्याच्या पट्टीवर कागद गुंडाळायचो, एकसारखा, सुरकुती न पडू देता. एतेल्का म्हणायची, "तान्ह्या पोराला बांधतेस असं समज. सैल सोडलंस तर उघडं पडेल, आवळलंस तर गुदमरेल." पुढे मला तेलाचा त्रास सुरू झाला, कोपरापर्यंत पुरळ उठायचं. डॉक्टरने लिहून दिलं आणि मला वर कर्मचारी विभागात टायपिंगला बसवलं. सगळ्यांनी टोमणे मारले, पण जीव लावून मारले ते बेर्त्सीने. बेर्त्सी म्हणजे एतेल्काचा नवरा, टेस्टिंग रूममधला सीयार्तो बर्तलन. जिन्यात दिसला की टोपी काढायचा नि म्हणायचा, "काय राणीसरकार, आता आम्हाला 'कसा आहेस' हे पण तीन प्रतींत विचारणार का?"

तुझे बाबा त्याच टेस्टिंग रूममध्ये होते. आमचं लग्न ठरलेलं होतं. छप्पनमध्ये रशियनांविरुद्ध उठाव झाला तेव्हा कारखान्यात कामगार मंडळ निवडलं गेलं, त्यात तुझे बाबा निवडून आले. बंदूक त्यांनी हातात घेतली नाही. पाव आणि कोळसा सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून धावपळ केली. बेर्त्सी मंडळात नव्हता. तो म्हणाला, "मला सभेत झोप येते, मला सोडा." पुढे रशियन रणगाडे आले, मंडळ मोडलं, आणि सत्तावन्नच्या मार्चमध्ये कामावरून काढायच्या लोकांची यादी निघाली.

आमचे विभागप्रमुख सोम्बाती. नावं खात्याखात्यांतून चिठ्ठ्यांवर आली होती. ती मला एका यादीत टाइप करायची होती, चार प्रतींत. त्या दिवशी सोम्बातींची दाढ सुजली होती, गालाला मफलर बांधून ते शेजारच्या खोलीत कण्हत होते. सतराव्या की अठराव्या चिठ्ठीवर तुझ्या बाबांचं नाव होतं. मी ती चिठ्ठी घडी करून मोज्यात घातली. विचार केला, असं काही नाही. हात गेला आणि झालं. उरलेली नावं टाइप केली आणि कागद नेऊन दिले.

त्यांनी बोट ठेवून मोजली. मग म्हणाले, "ही एकोणसाठ आहेत."

मी म्हटलं, "चिठ्ठ्या तेवढ्याच होत्या."

त्यांना संशय आला नाही. दाढेने ते इतके बेजार होते, की त्यांना फक्त घरी जायचं होतं. म्हणाले, "आकडा वर कळवून झालाय. साठ म्हणजे साठ. तू त्या लोकांतलीच ना? सांग एखादं. कोणीही चालेल."

ओती, मी तिथे गप्प बसू शकले असते. चिठ्ठ्या पुन्हा शोधते म्हणू शकले असते. रडले असते तरी त्यांनी वैतागून उद्यावर ढकललं असतं. सकाळीच बेर्त्सीने जिन्यात टोपी काढली होती. त्याचं नाव जिभेच्या अगदी टोकाशी होतं. ते बाहेर पडलं. ते म्हणाले, "घाल." मी परत जाऊन, कागद पुन्हा मशीनला लावून साठावं नाव टाइप केलं. चारही प्रतींत नीट उमटलं.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी यादी वाचली. तुझे बाबा आपले पाने-पकडी पिशवीत भरूनच आले होते. त्यांना खात्री होती. एकेक नाव झालं, मंडळातले सगळे झाले, आणि शेवटी बेर्त्सीचं आलं. तो हसला आधी. त्याला वाटलं, कुणीतरी गंमत करतंय. आणि मग सगळ्यांनी माना वळवून तुझ्या बाबांकडे पाहिलं. पिशवी हातात, आणि नाव नाही. कुणीतरी विचारलंच, "कोर्नेल, तुझं बरं राहिलं रे?"

मला वाटत होतं मी त्यांना वाचवलं. नोकरी वाचली, हे खरं. पण त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. तू शाळेत असताना एकदा त्यांचा डबा द्यायला गेलीस आणि येऊन म्हणालीस, "बाबा एकटेच जेवतात. ते असे माणूसघाणे का आहेत?" मी तुला म्हटलं, त्यांचा स्वभावच तसा आहे. नव्हता गं. लग्नाआधी ते टेबलावर चढून गाणी म्हणायचे.

त्यांच्याकडे येत राहिला तो एकटा बेर्त्सी. यादीत नाव लागलेल्या माणसाला चांगलं काम मिळत नव्हतं. तो रेल्वेच्या वखारीत कोळशाची पोती वाहायचा, नखांत काळं घेऊन यायचा. बाबांच्या नावाच्या संताचा सण असतो त्या दिवशी दरवर्षी फळांच्या दारूची, पालिन्काची बाटली घेऊन हजर. म्हणायचा, "लोक काय वाटेल ते बोलू देत, कोर्नेल चुगली करणारा नाही. त्याला साधं पत्त्यांत लबाडी करता येत नाही." एकदा, तू पाळण्यात होतीस, बाबा ग्लास आणायला आत गेले तेव्हा त्याने मला विचारलं, "योला, तू तर तिथेच होतीस. माझं नाव कोणी घेतलं असेल गं?"

मी म्हटलं, "यादी वरूनच आली होती, बेर्त्सी."

"वरून?" तो म्हणाला. "वर मला ओळखतंय कोण?" आणि खोखो हसला. मी त्याच्यापुढे खसखशीची वडी ठेवली. त्याने दोन खाल्ल्या आणि एतेल्कासाठी एक रुमालात बांधून नेली.

तो सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. छाती कोळशाने भरली होती. त्याला पुरून आलो तेव्हा तुझे बाबा दोन दिवस त्याने आणलेली शेवटची बाटली पुढ्यात घेऊन बसले. मग सांगावं असं खूप वाटलं. पण सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, की ज्या मित्राच्या जिवावर ते जगले तो आपल्यामुळेच कोळशाखाली गेला. म्हणून गप्प राहिले. हे मी स्वतःला सांगत आले. खरं तर मला भीती वाटत होती.

चार वर्षांपूर्वी इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, तू व्हिएन्नाहून निघाली होतीस आणि वाटेत होतीस. मी त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसत होते. ते म्हणाले, "योला, मी कुणाचंही नाव सांगितलं नव्हतं. निदान तुला तरी पटतं ना?" मी म्हटलं, "पटतं." एवढंच. ओती, इतकी वर्षं एका ताटात जेवून, त्यांना वाटत होतं की कदाचित मलासुद्धा संशय असेल. आणि मी "पटतं" म्हणून कापूस पाण्यात बुडवला.

हे सगळं तुला आताच का, तर रविवारी मृतांच्या सणाला दफनभूमीत गेले होते. सगळं गाव शेवंती घेऊन लोटलेलं. बाबांच्या थडग्यावरची पानं झाडली, मेणबत्त्या लावल्या, आणि नेहमीप्रमाणे बेर्त्सीकडे गेले. तिथे इल्का होती. त्याची मुलगी, तुझ्याच वयाची. गेली चौदा वर्षं आमच्याच वाइंडिंगमध्ये, आईच्याच जागी उभी राहते. एतेल्काला अर्धांग झालं आहे, बोलता येत नाही. इल्का सकाळी तिचं सगळं करून कामावर येते आणि दुपारी शेजारीण बघते. दगडावरचं मेण नखाने खरवडता खरवडता ती मला म्हणाली, "योलान मावशी, तुमची ओती येणार आहे म्हणे, कमी करायच्या लोकांची यादी घेऊन. हाताचं वाइंडिंग बंद होणार, असं सगळे म्हणतात. मी कुणापुढे हात पसरत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण एक शब्द टाकाल?" मी म्हटलं, "लिहिते." ती माझ्या गालाचा मुका घेऊन, मला पायऱ्यांवरून हाताला धरून खाली घेऊन आली.

म्हणून हे लिहायला बसले, आणि पहिल्या तीन कागदांवर हेच लिहिलं होतं, की यादीतून इल्काचं नाव वगळ. मग फाडले. फोनवर तू बोलून गेलीस, अडतीस जण कमी करायचेत. तुझ्याकडेही आकडाच ठरून आला असणार. इल्काला यादीतून वगळलंस की सदतीस उरतील, आणि तुमच्याकडचा एखादा सोम्बाती म्हणेल, आकडा वर कळवलाय, सांग एखादं, कोणीही चालेल. तेव्हा तुझ्या तोंडून नाव निघू देऊ नकोस, ओती. यादी एकाने अपुरी राहिली तर राहू दे. भांडावं लागलं तर भांड, मी ते केलं नाही. आणि भांडून जमलं नाही, तर इल्काला यादीत राहू दे, पण तिच्या जागी दुसरं कुणी भरू नकोस. काहीही झालं तरी मी येत्या रविवारी तिच्या घरी जाणार आहे. एतेल्काला बोलता येत नसलं तरी ऐकू येतं. दोघींसमोर बसून सांगेन, की बेर्त्सीचं नाव वरून आलं नव्हतं. त्यानंतर त्या मला दारात उभं करतील की नाही, हे मला माहीत नाही. पण ते तुला बाहेरून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून आधी तुला लिहिलं.

तुझीच, इतक्या उशिरा बोलणारी,
आई