एका ‘अ’ची चढाई

४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र एकच गोष्ट सिद्ध करण्यासाठी लिहीत आहे: तुझ्याबरोबर हिमालयातली खिंड ओलांडायला मी येणार नाही, आणि माझे न येणेच सर्वांच्या हिताचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. काल एका अपरिचित गृहस्थाने फोनवर माझ्या पायाचे माप विचारले. आपले बुटांचे दुकान आहे काय, असे मी विचारले. तो म्हणाला, दुकान नाही, मोहीम आहे. आणि तुम्ही येणार हे तुमच्या भगिनीने केव्हाच कबूल केले आहे. मी काय वळकटी आहे, की तू बांधावीस आणि न्यावीस?

आता कारण. पस्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना मी फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत चाललो. वाचनालयाचा जिना चढताना प्रत्येक वळणावर सूचनाफलक वाचायला थांबतो. त्या सूचना मला आता पाठ आहेत. अशा माणसाला विरळ हवेत नेणे म्हणजे हवेचाही अपमान आहे. हे तुझ्या वहिनीला वाचून दाखवले, तर ती इतकी हसली की गॅसवरचे दूध उतू गेले.

कळावे. लोभ वाढवावास, उंची वाढवू नयेस.
दादा

९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू आधी पाणी पी. घोटाळा माझा नाही, ‘चालतील’ या शब्दाचा आहे. आयोजकाने मला विचारलं की भाऊ चालतील का. मला वाटलं, अडीअडचणीला कळवायला कुणाचं नाव लिहायचं ते विचारतोय. मी म्हटलं, चालतील, अगदी आनंदाने. त्याने तुला डोंगर चढायला लावलं.

पण दादा, आता खरी अडचण ऐक. साठी उलटलेल्या माणसाबरोबर घरचं कुणीतरी चालायलाच हवं, असा त्यांचा नियम आहे. लेकीला रजा नाही. जावईबापू स्टुलावर चढून दिवा बदलतानासुद्धा डोळे मिटून घेतात. म्हणजे तू नाही म्हणालास की माझंही नाव गेलं. नकार लेखी लागतो, वीस तारखेपर्यंत.

सरावाचं म्हणशील तर मी पाठीवर पिशवी घेऊन दवाखान्याचा जिना चढते. वजनाला पिशवीत जुन्या कवळ्यांचे प्लास्टरचे साचे भरले होते. परवा दुसऱ्या मजल्यावर पिशवी फाटली आणि बत्तीशी गडगडत खाली गेली. तळमजल्यावरचे वकील एक जबडा घेऊन वर आले आणि फार अदबीने म्हणाले की हा आपल्यापैकी कुणाचा आहे का.

मी गळ घालत नाही. एवढंच सांगते: चाळीस वर्षं खुर्चीतल्या माणसांना ‘आ करा’ म्हणत आले. एकदा तरी कशापुढे उभं राहून मला स्वतःला आ करायचा आहे.

तुझ्या रागासकट लोभ हवाच आहे.
धाकटी

१७ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आयोजकास नकार पाठवला. ‘येणार नाही’ एवढे दोन शब्द पुरले असते, असे तुझ्या वहिनीचे मत आहे. परंतु इतका उघडा नकार घाईतल्या माणसाला शोभतो. मी लिहिले ते असे: ‘मी मोहिमेस येणार नाही हे खरे नाही, असे समजणे अयोग्य ठरणार नाही.’ यात तीन नकार आहेत. तीन नकारांचा अर्थ नकारच होतो. वाद संपला.

नकार केवळ अनुमानावर उभा राहू नये, म्हणून प्रयोगापुरते डोंगरी बूट विकत घेतले. ते घालून घरात फिरतो. खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि आम्ही घोडा पाळला आहे का, असे विचारून गेल्या. वहिनीने त्यांना होकार दिला.

तुझे जाणे राहिले याचे मला वाईट वाटते. वाईट वाटणे हा युक्तिवाद नव्हे, हे मी जाणतो. तरी वाटते.

लोभ आहे तो उणा करू नयेस.
दादा

२४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आयोजकाचा फोन आला होता. इतकं सुंदर संमतिपत्र आजवर कुणी लिहिलं नाही, म्हणाला. मी म्हटलं, अहो, तो नकार आहे. तो म्हणाला, बाई, तुम्हीच मोजून बघा.

मग तुझं पत्र पुढ्यात घेतलं आणि किडके दात मोजावेत तसे नकार मोजले. येणार नाही, एक. खरे नाही, दोन. ठरणार नाही, तीन. आणि दादा, ‘अयोग्य’मधला तो ‘अ’ तू मोजलाच नाहीस! चार झाले. चार नकारांचा अर्थ काय होतो, ते तूच मला लहानपणी छडी घेऊन शिकवलंयस.

तुला ‘योग्य’ लिहायचं होतं हे मला ठाऊक आहे. आयोजकाला मी काही बोलले नाही. दुरुस्ती पाठवायला त्याने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. पाठवलीस तर मी रागावणार नाही. म्हणजे फार नाही.

लोभ कसाही मोज, पण कमी भरू देऊ नकोस.
धाकटी

२७ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राची प्रत तीनदा तपासली. आयोजकाचा अर्थ निर्दोष आहे. पस्तीस वर्षांत ज्याचा एक नकार चुकला नाही, त्याचा आत्ताच कसा चुकला, असे तुझ्या वहिनीने विचारले. लेखणी घसरली, असे मी सांगितले. एकटी लेखणीच का, असे तिने पुढे विचारले. तो प्रश्न मला अप्रस्तुत वाटला.

तेव्हा पुढील कबुली जपून ठेवावी:

‘योग्य’ या शब्दाआधी ‘अ’ मी लिहिला. ती चूक आहे आणि सर्वस्वी माझी आहे. ती दुरुस्त करण्यास अद्याप तीन दिवसांची मुदत आहे. ते तिन्ही दिवस मी सामान बांधण्यात घालवणार आहे.

सही,
दादा