राधाऊ हसत गेली

धंतोली, नागपूर
रविवार, ११ नोव्हेंबर १९७३

ती. यमुताईस,

केशवचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक. सुमतीचे गुडघे थंडी पडली की बोलतात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. तुझ्या बालवाडीला दिवाळीची सुट्टी संपून पुन्हा कलकलाट सुरू झाला असेल.

तुझं कार्ड येऊन पंधरा दिवस झाले. ‘पुस्तक मिळाले. छपाई सुबक आहे.’ एवढंच. मी कार्ड उलटून पाहिलं, पत्त्याच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून. प्रवासातून आल्यामुळे दमली असशील किंवा अजून वाचून झालं नसेल असं सुमतीला म्हणालो.

इकडे मात्र ‘कन्हानकाठचा मेणा’नं गंमत उडवून दिली आहे. भूमी अभिलेख कचेरीतला कारकून, मोडी कागद चाळता चाळता कादंबरी लिहितो, याचंच लोकांना अप्रूप. प्रकाशक म्हणतो, मकरसंक्रांतीला दुसरी आवृत्ती काढू. रोज दोन-तीन पत्रं येतात. भंडाऱ्याची एक नवी लग्न झालेली मुलगी लिहिते की ती रोज नवऱ्याला एक प्रकरण वाचून दाखवते. एका निवृत्त तहसीलदारांनी चार पानी पत्रातून माझी हजेरी घेतली आहे: भोसल्यांच्या काळात सरदाराघरच्या मेण्याला चार भोई शोभत नाहीत, सहा हवेत. उमरेडच्या एक शिक्षिका म्हणतात, राधाऊची वाकडी करंगळी त्यांना फार गोड वाटली. लग्नात नवरीला आहेर म्हणून लोक पुस्तक देताहेत. आणि सगळ्यांना आवडलेलं वाक्य एकच, शेवटचं. नवऱ्याच्या घरून रुसून आलेली राधाऊ भावाचं ऐकून परत निघते तेव्हाचं: ‘राधाऊ हसत मेण्यात बसली.’ पुरुष असून बाईचं मन तुम्ही इतकं कसं ओळखलं, असं सगळे विचारतात. मी हसून वेळ मारून नेतो.

गेल्या रविवारी वाचनालयात पुस्तकावर चर्चा ठेवली होती. शंभरेक माणसं असतील. प्राध्यापक मंडळी चांगलं बोलली. मग मागच्या रांगेतून तुळसाबाई म्हणून एक सत्तरीच्या बाई उठल्या. आयुष्यभर सुईणीचं काम केलेल्या, नातीकडून पुस्तकं वाचून घेतात. म्हणाल्या, “मायासारखीले समजलं म्हंजे पुस्तक चांगलंच हाये गा. पण एक सांग. पोरगी माहेरी आली. तिचा भाऊ तीन पानं बोलून राहिला. पण ‘काहून आली वं बाई?’ असं त्यानं तिले एकदाबी पुसलं नाही. काहून?”

लोक हसले. मीही हसलो. म्हणालो, “आजीबाई, त्या काळी भाऊ असं विचारत नसत.” टाळ्या पडल्या. त्या खाली बसल्या, पण माझ्याकडे पाहत राहिल्या.

ताई, राधाऊ म्हणजे तू नव्हेस. दोनशे वर्षांपूर्वीची ती बाई, तिचा नवरा सरदार, नदीकाठी मशाली घेऊन तिची वाट पाहणारा. कादंबरीकार इकडचं तिकडचं घेतो, सगळेच घेतात. तुझ्या मनात काही आलं असेल तर ते काढून टाक. तू शेवटपर्यंत वाचलंस का, तेवढं मात्र कळव.

मुलांना आशीर्वाद. तुझ्या तब्येतीला जप.

तुझा
केशव

•

धंतोली, नागपूर
गुरुवार, २९ नोव्हेंबर १९७३

ताई,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल अशी अपेक्षाही आता करत नाही. हे पत्र तू एकटी असताना वाच.

माझं मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात काटोलहून एक पत्र आलं. रुपराव म्हणून संत्र्यांचे बागायतदार आहेत, त्यांचं. अक्षर मोठं, शाळकरी. लिहिलं होतं: माझी मुलगी गोपिका दिवाळीला माहेरी आली ती सासरी जायचं नाव काढेना. नुसती रडायची. मास्तरांनी तुमच्या पुस्तकाचं नाव सांगितलं, मी ते आणून तिच्या हाती दिलं. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून पेटी भरली. तुमचे उपकार कसे फेडू.

ते पत्र मी कचेरीत नेऊन दाखवलं. खरं सांगतो, दाखवलं. चौघांनी वाचलं, चहा झाला, कुणी म्हणालं, केशवराव, तुम्ही संसार सावरता आता. घरी येऊन सुमतीला दिलं. तिनं दोनदा वाचलं आणि विचारलं, “ती का रडत होती, हे यात कुठंच नाही. तुम्ही विचारणार का?”

मी म्हणालो, त्यांच्या घरचा मामला आहे.

सुमती म्हणाली, “राधाऊची करंगळी वाकडी का आहे हो? यमुताईंची आहे तशी?”

वीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. तुझ्या करंगळीबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. भाऊजींनी कोठीच्या दारात तुझं बोट चिरडलं होतं, आणि नंतर वैद्याला बोलवू दिलं नव्हतं. ते मी कादंबरीत ‘जन्मखूण’ म्हणून लिहिलं. तिचा नवरा त्या करंगळीवर मोहित होतो असं लिहिलं. लिहिताना माझा हात थांबला नाही, ताई. उलट, कल्पना छान सुचली असं वाटलं होतं.

रविवारी सकाळी मी काटोलला गेलो.

रुपरावांच्या अंगणात संत्र्यांचे ढीग लागलेले, माणसं पेट्या भरत होती. मी कोण ते कळल्यावर त्यांनी खुर्ची आणवली, टोपी सारखी केली. त्यांची बायको मनकर्णाबाई चहा ठेवून दारात उभ्या राहिल्या. रुपरावांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि सही मागितली.

मी म्हणालो, “सही नंतर करतो. या पुस्तकाचा शेवट खोटा आहे, हे सांगायला आलो.”

ते हसले. “कादंबरी म्हंजे खोटीच राहते ना जी.”

“तशी नाही. ही माझ्या बहिणीची गोष्ट आहे. ती हसत गेली नव्हती. तिला सासरी मारत होते. ती माहेरी आली आणि मी तिला परत नेऊन सोडलं. स्वतः नेऊन सोडलं, रुपराव.”

पेट्या भरणाऱ्यांचे हात थांबले. रुपराव माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझा राग आला असावा, घरी येऊन हे काय बोलतोय म्हणून. तेवढ्यात दारातून मनकर्णाबाई बोलल्या. आवाज अगदी खालचा.

“पोरीच्या पाठीवर वळ होते. मी तेल लावलं तवा पाह्यले.”

रुपराव वळले. “मले काहून नाही सांगितलं?”

“तुमी पुसलं का? तुमी पुस्तक आणलं.”

 रुपराव आत गेले, धुतलेलं धोतर नेसून आले, पायात जोडे घातले. बायकोला एवढंच म्हणाले, “चाल.” मला काहीच म्हणाले नाहीत, पण मी मागोमाग निघालो. गोपिकाच्या सासरची, वरूडची एस.टी. लागलेली होती.

तिथं काय झालं ते थोडक्यात सांगतो. गोपिका मागच्या अंगणात भांडी घासत होती. एकोणीस वर्षांची असेल, बारीक चणीची. बापाला पाहून उठली. रुपराव म्हणाले, “चाल माय, घरी चाल.” तिनं काही विचारलं नाही. हाताला राख तशीच, पदराला पुसत बाहेर आली. सासू ओरडत होती, दीर आडवा आला. रुपराव त्याला म्हणाले, “बाजूले हो. पोरगी माही हाये.” तो झाला बाजूला. एवढंच. इतक्या थोड्यात होणारी गोष्ट होती ती.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी, मी समोरच्या बाकावर. मला तिच्याकडे बघवेना. शेवटी मीच म्हणालो, “माझ्या पुस्तकामुळं तुला जावं लागलं. मला माफ कर.”

ती म्हणाली, “पुस्तक मी पुरं वाचलंच नाही जी. दहाक पानं पाह्यली. बाबानं हाती देल्लं तवाच समजलं, का आता जा लागते.”

 इतक्या पत्रांमध्ये इतकं खरं मत कुणाचं आलं नव्हतं.

ताई, आता जे लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही. दोन पानं झाली तरी मी काटोललाच फिरतो आहे. तू मला लहानपणी म्हणायचीस, केशव खोटं बोलायच्या आधी पाणी पितो. आत्ताही दोनदा उठून पाणी प्यायलो, पण या वेळी खरं लिहिण्यासाठी.

रुपराव जोडे घालायला वाकले तेव्हा मला बाबा दिसले.

१९५२ सालच्या श्रावणात तू अचलपूरहून आलीस. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, बाबा दम्यानं खालच्या खोलीत अंथरुणावर. तू मला गच्चीवर बोलावलंस, हात दाखवलास आणि म्हणालीस, “केशव, बाबांना सांग, मला परत पाठवू नका. मी शिवण करीन, शिकेन, कुणावर भार होणार नाही. माझ्या तोंडून त्यांच्यापुढं शब्द निघणार नाहीत. तू सांग. तुझं ऐकतात ते.” मी खाली गेलो. थोड्या वेळानं वर आलो आणि तुला सांगितलं, “बाबा नाही म्हणतात. दिल्या घरी राहायला हवं म्हणतात.”

तू एकदाही ‘पुन्हा विचार’ म्हणाली नाहीस. पदर तोंडाशी धरलास आणि सामान आवरायला लागलीस.

ताई, बाबांना मी विचारलंच नव्हतं.

मी खाली गेलो, माठातलं पाणी प्यायलो, पायरीवर बसलो आणि वर आलो. आठ दिवसांनी सुमतीच्या घरची माणसं आपलं घर बघायला येणार होती. सासरहून परत आलेली बहीण घरात दिसली तर ते काय म्हणतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. आजवर मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन पाहिली. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, बाबांना धक्का सोसला नसता, भाऊजी सुधारतील असं वाटलं होतं. ती सगळी मागाहून जमवलेली.

तुला अचलपूरला सोडून परत आलो तेव्हा बाबांनी विचारलं, “यमू हसत गेली ना रे?” मी म्हणालो, “हो, हसत गेली.” ते वाक्य मी तिथूनच आणलं. लोक ज्याला टाळ्या वाजवतात ते वाक्य.

नंतरची सतरा वर्षं तू त्या घरात कशी काढलीस हे तुला माहीत. भाऊजी गेल्यावरच तुझा मोकळा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पण ज्यानं मला आता झोप येत नाही ते वेगळं आहे. अठ्ठावन्न साली बाबांचं शेवटचं होतं तेव्हा तू आलीस. त्यांच्या पायांशी उभी राहिलीस, पाणी ठेवलंस आणि स्वयंपाकघरात निघून गेलीस. त्यांनी हात पुढं केला होता तो तसाच राहिला. मला म्हणाले, “यमू माझ्यावर का रागावली आहे रे? माझं काय चुकलं?”

तेव्हा तरी सांगायचं. दार उघडंच होतं, तू दहा पावलांवर पोळ्या लाटत होतीस. मी म्हणालो, “प्रवासानं दमली आहे, बाबा.” दोन दिवसांनी ते गेले.

बाबांनी तुला ठेवून घेतलं असतं. असं लिहायचा मला अधिकार नाही हे कळतं, पण मला ते तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर मी विचारलं नाही.

हे सगळं मी सुमतीलाही सांगितलं.  ती म्हणाली, “म्हणजे माझ्यासाठी.” मी म्हणालो, तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. तुला भेटायला एकटी यायचं म्हणते. येऊ देशील का तिला? मी येणार नाही, तू बोलावल्याशिवाय.

प्रकाशकाला कळवलं आहे की दुसरी आवृत्ती निघणार नाही. तो चिडला आहे, चिडू दे. खरा शेवट लिहा म्हणून तुळसाबाई म्हणतील कदाचित. पण ती गोष्ट तुझी आहे, ती सांगायची की नाही हे तू ठरवायचं. मी तुझ्याबद्दल पुन्हा एक ओळही लिहिणार नाही.

क्षमा मागत नाही. ती मागायची ती बाबांकडे मागायला हवी होती, आणि तुझ्याकडे मागितली तर तू नेहमीसारखी ‘जाऊ दे’ म्हणशील. जाऊ देऊ नकोस. फक्त एवढं कर, बाबांवरचा राग सोड. त्यांनी तुला कधीच ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

तुझा निरोप खालच्या खोलीपर्यंत न नेणारा,
केशव