चुनकळी

माय, गेल्या आठवड्यात शाळेत मी सातवीच्या मुलींना चुना विझवून दाखवत होते. चुनकळीचे चार खडे, काचेचं भांडं, डोळ्यांवर चष्मे, पाणी थेंबाथेंबानं. एका मुलीनं गंमत म्हणून पाण्याचा पेलाच उचलला. मी तो हिसकावला आणि तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती रडत होती. बाई एवढ्या का ओरडल्या, हे कुणालाच कळलं नाही. तुला कळलं असतं.

मी नऊ वर्षांची. आखाजीचा सण चार दिवसांवर आलेला, आत्या माहेरी येणार म्हणून तू घर पांढरं करायला काढलेलं. नानांनी दोंडाईच्याहून आणलेली चुनकळी मागच्या अंगणात पत्र्याच्या टाकीत पडली आहे, नुसते मुके दगड. तू तांब्यानं पाणी घालतेस, काठीनं ढवळतेस. दगड जरा वेळ गप्प राहतात, मग सुसू करतात, तडकतात, फुगतात. खाली जाळ नाही आणि गार पाण्यानं दगड उकळतोय! मला ते आणखी हवं होतं. तू एक खडा फोडायला टाकीवर वाकलीस आणि मी अख्खी बादली ओतली.

चुना उसळला आणि तू डोळा धरून खाली बसलीस. नाना धावत आले. "कोनी टाकं इतलं पानी?"

"मीच," तू म्हणालीस. "मन्हा हातमाईन बादली सुटनी."

शेजारच्या अक्कांनी डोळ्यात तूप घातलं. दुसऱ्या दिवशी धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, तूप कशाला, तिथल्या तिथे पाण्यानं धूत राहायचं होतं. पाण्याचा हंडा टाकीजवळच होता. उजव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्यानं दिसणं कायमचं गेलं. उरलेला चुना आत्यानं भिंतींना लावला, वाया कसा घालवायचा म्हणून. भिंतीवरचा चुना हवा शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो, हे मी आता दरवर्षी शिकवते. त्यानंतर तुझी भाकरी करपली, पायरी चुकली, की नाना चारचौघांत म्हणायचे, "हिले कायबी समजत नही. सोताना डोया सोता फोडी लिधा." मी तिथेच जेवत बसलेली असायचे. तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर कदाचित मी बोलले असते. मी शिकले, जळगावला नोकरीला लागले, तू गेलीस, आणि 'पाणी मी ओतलं' हे वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

रविवारी वडिलांना भेटायला गावी गेले. नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत, ओट्यावर बसून असतात. शेजारी बसून मी एका दमात सांगून टाकलं, "नाना, मायना डोयामा चुना मन्हामुये गया. पानी मी टाकं व्हतं."

नाना माझ्याकडे वळले. "कोनता डोया?"

"उजवा. आखाजीना येळले."

"तिना डोया ते चांगला व्हतात," नाना म्हणाले. "सुईमा दोरा तीच घाले." मी पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी हात झटकला. "चहा टाक."

मी आत जाऊन चहा टाकला. हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. नाना सगळं विसरलेत, त्यांच्या लेखी तुझा डोळा कधी गेलाच नव्हता, आणि तू तो माझ्यासाठी अंगावर घेतलास, हे ज्याला सांगायचं, असं आता कुणी उरलं नाही. गॅसपाशी उभं राहून मी रडायला हवं होतं. मला हायसं वाटलं, माय.