एकटीचा अल्बम, वारासिवनीचं गोदाम

१४ ऑक्टो., बालाघाट, आईकडे
दिलीपदादाने, म्हणजे मामाच्या मुलाने, त्याच्या राइस मिलमागचं रिकामं गोदाम दिलं. नवं धान येईपर्यंत तुझंच, म्हणाला. आज वारासिवनीला जाऊन पाहिलं. दार लोटून ट्रम्पेटवर एकच सूर लावला, लांब. तो पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, पत्र्याखाली फिरला आणि सावकाश परतला, जरा म्हातारा होऊन. पुण्यातल्या कुठल्याच स्टुडिओत हे नाही. अल्बम इथेच. नुसता ट्रम्पेट, सोबत कोणी नाही.

१७ ऑक्टो.
माइक, लॅपटॉप, सतरंजी. पहिला तुकडा रेकॉर्ड केला. ऐकताना कळलं, दर थोड्या वेळाने मी थांबतेय. इतकी वर्षं विनय पियानोवर असायचा. मी एक वाक्य टाकायचे, तो उत्तर द्यायचा. जॅझमध्ये तेच तर असतं. घरीही तसंच होतं आमचं. मार्चमध्ये तो गोव्याला निघून गेला. भांडण नाही, काही नाही. ओठांना अजून ते कळलेलं नाही.
बरंय, गोदाम उत्तर देतं.

२१ ऑक्टो.
आई बसने आली, डबा घेऊन. रिकाम्या बारदानाच्या गठ्ठ्यावर बसून ऐकलं. माझे बाबा १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ट्रम्पेट वाजवायचे, बँडच्या सगळ्यात पुढे. तेव्हापासून तिचा कान तयार. वाटलं, छान म्हणेल. डब्याचं झाकण काढता काढता म्हणाली, "मधातच काहून थांबतं तू? कोणाची वाट पाहून राह्यली?"
भाजी कसली होती, आठवत नाही.

२ नोव्हें.
धान आलं. किरनापूरकडचे ट्रॅक्टर दारात. दादा अवघडून उभा. अर्धंच झालंय, म्हटलं मी.
"थांबवता नाही येत मले," म्हणाला. एक कोपरा मात्र मोकळा ठेवेन म्हणतो. हमाल जेवायला गेले की तेवढी दुपार माझी.

६ नोव्हें.
थप्प्या छतापर्यंत चढल्या. सूर जातो, पोत्यांत शिरतो, परत येत नाही. कोरडा ठक्क. चिडून सामान आवरलं. येताना वैनगंगेच्या पुलावर उतरले, उगाच. खाली डोंग्यात एक माणूस उभा. वल्हं नाही, घाई नाही. पाणी नेईल तिकडे. तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच.

११ नोव्हें.
आज थांबले नाही. उत्तर येणारच नाही, तर पुढचं वाक्यही माझंच. आधी श्वास पुरेना, मग पुरला. नव्या धानाचा वास असा की अर्धवट झोपेत असल्यासारखं. वाजवतेय की ऐकतेय, कळेना. डोळे उघडले तर हमाल जेवून परतलेले, दारातच उभे. मग एकाने हळूच पोतं उचललं.
झाला अल्बम.

१९ नोव्हें.
रेकॉर्ड कंपनीला अल्बम या आठवड्यात पाठवायचाय. का कोण जाणे, पहिला तुकडा विनयला पाठवला. फक्त ऐक, लिहिलं.

२३ नोव्हें.
वि.चं उत्तर. माझ्या थांबण्यांमध्ये त्याने पियानो वाजवून पाठवलाय. खाली एवढंच: "माझं नाव घालू नकोस. अल्बम तुझाच आहे."
ऐकलं. पुन्हा ऐकलं. इतकं नेमकं की राग आला. गोदामाचा तो परत येणारा सूर मात्र खाली दबलाय. तोही माझा होता.
धानातल्या तुकड्यांत तर कोणालाच जागा नाही. ते त्याला पाठवलेच नाहीत.

२४ नोव्हें.
सकाळी तो तुकडा स्पीकरवर लावला. आई अंगणात मेथी निवडत होती. पियानो आला तसा तिचा हात थांबला.
"विनय होय का हा?"
"हौ."
संपेपर्यंत ऐकलं तिने. काय करू, विचारलं. तो ठेवू की माझा एकटीचा?
"जेवाले बोलाव त्याले," म्हणाली, आणि मेथी घेऊन आत गेली.
मी अल्बमचं विचारत होते. ती कशाचं बोलली, कोण जाणे.
कंपनीचा फोन येऊन गेला, उचलला नाही. विनयचा नंबर काढून बसलेय. उन्हं अंगणभर झाली. जेवायला ये म्हणायचं, की नुसतं ऐकलं, एवढंच?